गुरुवारच्या कप्प्यातल्या लाल गोळ्या

परत येऊन तीन आठवडे झाले. भेटेल तो विचारतो, कारंज्याची जैन मंदिरं पाहिलीस का, वऱ्हाडातलं तिखट सोसलं का. मंदिरं पाहिली, तिखटही सोसलं. पण मंदिरांबद्दल सांगायला लागले की दोन वाक्यांत मी कपाशीच्या शेतात जाऊन पोचते आणि ऐकणारा गोंधळतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

मी जात्याच भित्री आहे, हे आधी सांगितलेलं बरं. कुंभार्ली घाटात एसटी वळली की मी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरते. आमच्या चिपळूणच्या घरात कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तरी माझ्या छातीत धस्स होतं. अशी मी वाशीम जिल्ह्यात गेले ती वैशालीमुळे. वैशाली आमच्या माडीवरची भाडेकरू, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वऱ्हाडातली पोर नोकरीसाठी कोकणात आली आणि तीन वर्षांत आमच्या घरातली झाली. दर दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणायची, "काकू, एकदा आमच्याकडे चला." यंदा ह्यांनी मला जवळजवळ ढकललंच. "जा, थोडी हवा बदलेल," म्हणाले. स्वतः मात्र घरी राहिले.

कारंजा आणि पुढे

गाडीचा प्रवास सांगत नाही, तो सगळीकडे सारखाच. मूर्तिजापूरला उतरून आम्ही एसटीने कारंज्याला आलो. बाजाराकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. मंदिरातल्या लाकडी खांबांवरचं कोरीव काम बघताना मी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा निवांत होते.

तिथून मानोरा, मानोऱ्याहून जीप. आमच्याकडे कुठेही बघा, समोर डोंगर किंवा झाड असतं, नजर टेकायला जागा असते. इथे काळी जमीन सरळ आभाळापर्यंत गेलेली. तुरी फुलावर आलेल्या, मधे कपाशी, आणि तासभरात समोरून आलेली वाहनं दोन. माझ्या मनात आलं, इथे काही झालं तर? वैशालीला विचारलं, "डॉक्टर कुठे असतात गं?"

"मानोऱ्याला, काकू. आत्ता गेलं ना मागे, तेच."

मागे वळून पाहिलं तर नुसती धूळ दिसत होती.

डबा

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. वैशालीचं घर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत कमरेइतका कापूस रचलेला. त्याच्या शेजारीच माझं अंथरूण. कोणी काडी ओढली तर काय, या विचाराने मी देवापुढचा दिवासुद्धा चोरून बघत होते. वैशालीची आई, कमलताई, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. उंच, हाडापेराने दणकट, आणि बोलायला एकदम मोकळी. तिने ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, भाजीवर कच्च्या तेलाची धार. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसरी भाकरी मात्र मागून घेतली.

जेवून उठताना मी गुडघ्याला हात लावला. कमलताईने ते बरोबर टिपलं. फळीवरून बिस्किटांचा एक जुना चौकोनी डबा काढून तिने माझ्यापुढे उघडला. आत गोळ्या होत्या. पाकिटं नाहीत, नावं नाहीत, सुट्या गोळ्या. लाल, पिवळ्या, पांढऱ्या, काही अर्ध्या मोडलेल्या.

"गुडघे दुखून राह्यले ना, ताई? ही लाल घ्या. आमी समद्याजनी वेचाले जाच्या आंधी घेतो. मंग दिवसभर कंबर बोलत नाई."

"नाव काय हिचं?"

"गोळीले कायचं नाव? लाल दुखन्याची, पिवळी तापाची, बारकी पांढरी अंगात ताकद याले. पाकीट कायले ठेवाचं, जागा खाते नुसती."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरकडे जाचं म्हनलं की दिवस गेला. दिवस गेला की तेवढा कापूस झाडावरच राह्यला."

वैशाली शिकलेली, मास्तरीण. तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "मी सांगून थकले, काकू." मी गोळी घेतल्यासारखं केलं आणि ती रुमालाच्या गाठीत बांधली. कोणाचं मन मोडायचं नाही म्हणून असल्या चोऱ्या मी नेहमी करते. खरं सांगायचं तर आमच्या घरी तरी काय वेगळं आहे? ह्यांच्या दाढेच्या उरलेल्या गोळ्या मी घसा धरल्यावर खाल्लेल्या आहेत. तेव्हा पाकिटावरचं नाव वाचलं होतं, एवढाच काय तो शहाणपणा.

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली, पासष्टीची, चिपाडासारखी वाळलेली. ही गोदामावशी. शेजारच्या घरात एकटी राहते आणि कमलताईच्या शेतात कापूस वेचायला येते. तिने मूठ उघडली, तर तळहातावर एक पिवळी गोळी.

"परवा नेल्ली व्हती, कमल. घे."

कमलताईने ती डब्यात टाकली आणि एक लाल तिच्या हातावर ठेवली. वैशालीने मला सांगितलं, गावात ही रीतच आहे. अडीनडीला ज्याच्या डब्यात असेल त्याच्याकडून गोळी घ्यायची, आणि न मागता तशीच, त्याच रंगाची परत करायची. डब्याचा मालक घरात नसला तरी हरकत नाही, एक उचलायची आणि बदल्यात एक ठेवायची. आम्ही विरजण मागतो तसं. मला, लाज वाटते सांगायला, ते त्या क्षणी फार गोड वाटलं.

आणि आता माझी चूक. मला मधुमेह आहे, पण मी ते चारचौघांत सांगत नाही. सांगितलं की लोक पानातली खीर काढून घेतात आणि उपदेश वाढतात. वैशालीलाही माहीत नव्हतं. माझ्या मुलीने मला सात कप्प्यांची एक प्लास्टिकची डबी दिली आहे, झाकणांवर सोम ते रवि लिहिलेली. प्रवासात मी गोळ्या पाकिटातून काढून त्यात भरते. दर कप्प्यात जेवणाआधीच्या दोन गुलाबी, एक सकाळची आणि एक रात्रीची, शिवाय रक्तदाबाची एक बारीक पांढरी. त्या दिवशी रात्रीची गुलाबी जेवणाआधी घ्यायची राहून गेली होती. ती मी तेव्हा तोंडात टाकली आणि गोदामावशीने ते पाहिलं.

"ही कायची, बाई?"

"अशीच," मी म्हणाले. "घेतली की जरा हुशारी राहते."

मग मी डबी फळीवर ठेवली, बिस्किटांच्या डब्याला लागून.

शेत

दुसरा दिवस गुरुवार. सकाळी माझी आंघोळ होईपर्यंत बाया शेतात गेल्या होत्या. डबी पर्समध्ये टाकून मीही वैशालीबरोबर निघाले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीइतकी उंच. बाया कमरेला कापड बांधून त्याची ओटी करतात आणि दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत ओळीने पुढे सरकतात. मीही हात लावून पाहिला. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी पाच मिनिटांत बोटं ओरबाडली. कमलताई हसली. "तुमी बसा ताई, आमचा कापूस लाल व्हईन!"

दहाच्या सुमारास बाभळीखाली फडकी सुटली. भाकरी, ठेचा, कांदा. मी पाठमोरी होऊन पर्समधली डबी काढली आणि गुरुवारचं झाकण उघडलं. आत बारीक पांढरी होती. गुलाबी नव्हत्या. त्यांच्या जागी दोन लाल गोळ्या होत्या.

आधी वाटलं, आपणच चुकीचं भरलं. शुक्रवार उघडला, शनिवार उघडला. तिथे सगळं जागच्या जागी. मग डोक्यात लख्ख पडलं.

"कमलताई, माझ्या डबीतल्या गोळ्या?"

"पाह्यल्या काय?" ती खुशीत म्हणाली. "दोन घेतल्या, दोन ठेवल्या. फुकट नाई घेतल्या हो."

"घेतल्या कोणी?"

"गोदामावशीनं. तिचं आता लाल गोळीनं भागत नाई. रातीच म्हने, बाईची गोळी भारी दिसते, हुशारी राह्यते म्हनतेत. सकाळी मीच देल्ल्या तिले."

"दोन्ही?"

"येकीनं तिले काय व्हते?"

"सकाळी काही खाल्लं होतं त्यांनी?"

"आज गुरुवार ना, उपास हाय तिचा. च्या पेली असन."

ज्यांना हे दुखणं नाही त्यांच्यासाठी सांगते. ती गोळी रक्तातली साखर उतरवते. माझी वाढलेली असते म्हणून मला ती लागते. निरोगी, उपाशी, उन्हात राबणाऱ्या बाईची साखर ती कुठवर उतरवेल याला धरबंध नाही. एकदा गोळी घेऊन मी जेवायला विसरले होते, तेव्हा न्हाणीघरात पडले. पडण्याआधीची ती दोन मिनिटं मला पक्की आठवतात. आणि मी एकच गोळी घेतली होती.

"गोदामावशी कुठे आहेत?" मी ओरडलेच.

सगळ्यांनी वळून पाहिलं. समोर पांढरं शेत पसरलं होतं आणि त्यात माणूस दिसत नव्हतं. ती नाल्याकडच्या टोकाला गेली होती, असं कोणीतरी म्हणालं. वैशालीने हाका मारल्या. "गोदामावशे! ओ गोदामावशे!" मी या गुडघ्यांनी कशी पळाले ते मला माहीत नाही. काळ्या ढेकळांत पाय मुरगळत होते, फांद्या साडीला धरत होत्या, आणि मनात एकच चाललं होतं: देवा, माझ्या हातून नको.

ती सापडली. दोन ओळींच्या मधे उकिडवी बसली होती. चेहरा घामाने निथळत होता, हात थरथरत होते. ओटीतला कापूस काढून ती एकेका रिकाम्या बोंडात परत कोंबत होती.

इतकी वर्षं मी शंभर गोष्टींना भ्यायले असेन, पण तशी भीती पुन्हा नको. म्हातारीने वर पाहिलं, वैशालीला "सुमन, आली काय माय" म्हणाली आणि पुन्हा बोंडात कापूस भरू लागली. सुमन तिची लेक, लग्न होऊन लांब गेलेली.

माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी कायम असते, माझ्यासाठीच. वैशालीने मावशीला मागून टेकवून धरलं आणि मी पाण्यात कालवलेलं ग्लुकोज घोटाघोटाने तिच्या तोंडात घातलं. गिळतेय ना, हे प्रत्येक घोटाला गळ्याकडे बघून ठरवत होते. पंधरा-वीस मिनिटांनी थरथर थांबली. तिने मांडीवरचा कापूस पाहिला, आम्हाला पाहिलं आणि पदर सावरला.

"काय झालं व? काहून जमल्या समद्या?"

बाया हसल्या. कोणी म्हणालं, उन्ह लागलं. मावशी उठून पुन्हा ओळीला लागायला निघाली. मी तिचा हात सोडेना. "दवाखान्यात जायचं. आत्ता."

"आता कायले? बरं वाटून राह्यलं ना तिले," कमलताई म्हणाली. मग तिने मला बाजूला ओढलं. तिचा आवाज एकदम बदलला होता. "ताई, थ्या डॉक्टरीनबाई इचारतीन काय खाल्लं म्हनून. पोलिसाची भानगड व्हईन. तिले काई झालं तं गाव म्हनन, कमलनं मारलं. गोळीचं नका सांगू. माह्या गयाची शपथ हाय तुमाले."

तिचा हात माझ्या हातात होता. आणि मी कबूल करते, तिचं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. गोळी माझी होती. "हुशारी राहते" हे शब्दही माझेच होते.

मानोरा

कापूस न्यायला आलेला एक छोटा टेम्पो बांधावर उभा होता. वैशाली आणि कमलताईसकट आम्ही चौघी त्यातच बसलो. मावशी माझ्या खांद्याला टेकली. खड्डा आला की तिचं डोकं उडायचं आणि मी विचारायची, "मावशी, बोला काहीतरी." ती बोलायची. उपास मोडला म्हणून कुरकुरायची. मग गप्प व्हायची. अर्ध्या रस्त्यात पुडी संपली. पहिल्या दिवशी जिथे मी नुसती धूळ पाहिली होती, त्याच रस्त्याने आता आम्ही उलटे चाललो होतो, आणि मानोरा काही येत नव्हतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाडी धरली. "काय झालं, आजी? काही खाल्लं का? कुठली गोळी?"

"नाई व माय. उन्ह लागलं," गोदामावशी म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. ती कमलला वाचवत होती, आणि मलाही.

कमलताई जमिनीकडे बघत होती. तोंड उघडायला मला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. पण तेवढ्या वेळात मावशीच्या कपाळावर पुन्हा घामाचे थेंब आले आणि बोलता बोलता तिची मान कलली.

"माझ्या गोळ्या," मी म्हणाले. "साखरेच्या. दोन. उपाशीपोटी."

"मी देल्ल्या तिले," कमलताई एकदम म्हणाली आणि रडायला लागली.

पुढचं भराभर झालं. बोटाला सुई टोचली, शिरेत ग्लुकोजचं सलाईन गेलं. डॉक्टरीणबाईंनी मागे न बघता विचारलं, "नाव काय गोळीचं?"

मी डबी पुढे केली. "ही. गुलाबी."

"नाव, बाई. किती पॉवरची? ही किती तास साखर ओढत राहील ते त्यावर ठरतं."

मला नाव माहीत नव्हतं. चार वर्षं मी ती गोळी घेतेय. इंग्रजी लांबलचक काहीतरी आहे, दुकानात चिठ्ठी दाखवली की मिळते. पाकिटं मी घरी ठेवून आले होते, जागा खातात म्हणून. माझ्या हातातल्या डबीवर फक्त वार लिहिलेले होते.

ह्यांना फोन लावला. तीनदा कट झाला. चौथ्यांदा लागला तेव्हा ह्यांना चष्मा सापडेना. "ओट्याजवळचा ड्रॉवर! नाही हो, चमच्यांचा नाही, त्याच्या खालचा!" मी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी किंचाळत होते. शेवटी हे एकेक अक्षर वाचायला लागले आणि मी ते एकेक अक्षर डॉक्टरीणबाईंना सांगायला लागले. समोर मावशीचे डोळे अर्धवट मिटलेले. इतकं हळू कोणी कधी वाचलं नसेल.

नाव लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आजींना आज सोडत नाही मी. ही गोळी साखर पुन्हा पुन्हा खाली आणते. शेतातच ठेवलं असतं तर दुपार काढली नसती त्यांनी." मग त्यांनी डबीची झाकणं एकेक करून बंद केली आणि ती माझ्या हातात दिली. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

निरोप

शुक्रवारी दुपारी गोदामावशी घरी आली. गुरुवारी रात्री उशिरापर्यंत दोनदा तिची साखर पुन्हा उतरली होती, पण ती वाचली. पोलीस वगैरे कोणी आलं नाही. कमलताईचा बिस्किटांचा डबा फळीवर दिसेनासा झाला होता. तो कुठे गेला, हे मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मी निघाले. वैशालीची सुट्टी उरली होती, ती मागे राहणार होती. कमलताईने ओटी भरली, कुंकू लावलं. गोदामावशी काठी टेकत आली होती. माझ्या गालावरून हात फिरवून तिने बोटं मोडली.

"तुमची थे डबी पाहू द्या ना, बाई. लय साजरी हाय."

मी पर्समधून काढून दिली. माझ्यावर हिचा राग नाही, याचंच मला इतकं बरं वाटलं होतं की तिने काहीही मागितलं असतं तरी दिलं असतं. कमलताई माझ्या पदरात तांदूळ घालत होती, मी वाकले होते. मावशीने डबी परत दिली आणि मी ती न बघता पर्समध्ये टाकली.

रविवारी दुपारी चिपळूणला पोचले. हात धुतले, ह्यांनी पानं घेतली. प्रवासात सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून गोळ्याही राहिल्या होत्या; जेवणाआधी रविवारचं झाकण उघडलं, तर आत पांढरीशेजारी चार गुलाबी गोळ्या होत्या.

चारही मी ओट्यावर ओळीने मांडल्या. हे भिंग घेऊन आले. "ही जरा फिकट वाटते," म्हणाले. मग म्हणाले, "नाही, उजेडामुळे असेल." आकार तोच, रंग तोच, मधली रेघ तीच. मी वैशालीला फोन लावला.

"परत केल्या ना त्यांनी?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. उसनं राहिलं म्हणून मावशीच्या जिवाला लागून राहिलं होतं, काकू. दवाखान्यातसुद्धा तेच बोलत होत्या."

"कुठून आणल्या त्यांनी?"

"कोणाच्या तरी डब्यातून घेतल्या असतील. रंग बघून आणल्यात, एवढं मला म्हणाल्या. विचारून सांगते. आत्ता त्या शेतात गेल्यात, वेचायला."

ड्रॉवरमधलं पाकीट रिकामं होतं, म्हणून हे नव्यासाठी दुकानात गेले. मी त्या चार गोळ्यांवर वाटी पालथी घातली आणि ते परत येईपर्यंत वाटीवरचा हात काढला नाही.